तुंब्याची वीण आणि बांबूचा हक्क

(शिबिरात झालेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, जरा नीट लावून घेतलं एवढंच.)



आज दोन गोष्टी सांगायच्या. एक हाताची, एक हक्काची. हक्काची गोष्ट हाताच्या कामातूनच निघते, म्हणून आधी काम.

तुंबा सगळ्यांना ठाऊक. दुधी वेलावरच पिकू द्यायचा, देठ सुकला की काढायचा, सावलीत नाहीतर चुलीवर टांगायचा. बिया आत खुळखुळल्या की झाला. तोंड कापून पाणी भरून ठेवा, गर कुजतो. मग बारीक खडे घालून हलवा, कडूपणा जाईपर्यंत धुवा. आपला तारपासुद्धा याच दुधीचा. दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण. म्हणजे दुधीची नि बांबूची सोयरीक जुनीच.

पण तुंबा आपटला की फुटला. त्याला टोपलीची वीण घातली तर मार वीण खाते, तुंबा वाचतो. धरायला कानही करता येतो.

बांबू कोवळा घ्यायचा नाय. दोन-तीन वर्षांचा घ्या, पाऊस सरल्यावर तोडा, नवा कोंब राखा. थोडे दिवस पाण्यात बुडवून ठेवला तर किडा कमी लागतो. पट्ट्या टोपलीपेक्षा पातळ काढा, कारण तुंब्याचं वळण आवळ असतं.

आठ पट्ट्या मधोमध एकमेकींवर चांदणीसारख्या ठेवा, वर तुंब्याचं बूड. उभे पाय झाले सोळा. त्यात एक जादा खोचा, सतरा करा. का? एकच पट्टी एक वर, एक खाली अशी फिरवत नेली तर दुसऱ्या फेरीला ती उलट पडायला पाहिजे. पाय सम असले तर ती पुन्हा तिथंच पडते, वीण धरत नाय. पोटाशी पाय फाकतात, गळ्याशी जवळ येतात. तिथं ते तासून बारीक करा. पट्टी ओलसर ठेवा, मोडत नाय. वाळल्यावर ती आकसते, म्हणून प्रत्येक फेरी दाबून बसवा.

दुसरी रीत अर्ध्या कापलेल्या दुधीची. काठाखाली बोटभर जागा सोडून तापल्या दाभणानं भोकं पाडा, तीही विषम. त्यात कामट्या उभ्या करा नि वर टोपली विणत न्या. खाली दुधी, वर टोपली. बियाणं ठेवायला चांगलं.

आता हक्काचं. हे सगळं बांबूवर उभं आहे. बांबू खरं तर गवत. पण 1927 च्या वन कायद्यानं त्याला झाडात घातलं. आपलं रोजचं सूप, टोपली, कणगी सगळं त्यामुळं परवान्याच्या कचाट्यात आलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपज ठरवला. तो गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क गावाला आहे. 2017 साली वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू काढला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेनं 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. 2012 च्या सुधारित नियमांनी तर असा परवाना ग्रामसभेच्या समितीनंच द्यायचा आहे.

पण मागितल्याशिवाय पदरात पडत नाय. सामूहिक दावा टाकायला पुरावे लागतात, एकाहून जास्त. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा कायद्यात धरलेला पुरावा आहे. जबाब देणारा मात्र स्वतः दावेदार नसावा. तेव्हा टोपल्या विणणारी म्हातारी मंडळी बसवा नि विचारा. बांबू कुठल्या डोंगरातून आणायचा? कुठल्या वाटेनं? कुठल्या महिन्यात? कुठली बेटं राखली होती? कोण कोण विणायचं? सगळं लिहा, वाचून दाखवा, सही-अंगठा घ्या. मग त्या वाटेनं चालत जाऊन जागा नकाशावर मांडा.

आणि एक जबाबदारी. हक्क मिळाला म्हणून बेट खरडून काढायचं नाय. कुठलं बेट यंदा तोडायचं, कुठलं सोडायचं, हे ग्रामसभेनं ठरवून वहीत लिहायचं. बेट संपलं तर कागदावरच्या हक्काला काय विणायचं?

येत्या ग्रामसभेला प्रत्येक पाड्यातून एक विणणारी बाई नि एक वही आली पाहिजे.

जिंदाबाद!