कमावलेली मान आणि वाकलेली मान



कागलच्या माणसाला मानेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. याच गावच्या घाटगे घराण्यातील राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले आणि कुस्तीला राजाश्रय दिला. तांबड्या मातीत उतरणारा मल्ल मान कमावतो, कारण मान ढिली पडली की पाठ मातीला लागायला वेळ लागत नाही. त्याच मुलखातील शाळकरी मुले आज भ्रमणध्वनीवर मान झुकवून तासन्‌तास बसलेली दिसतात.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि शिक्षणासाठी म्हणून हे यंत्र मुलांच्या हाती आले. शाळा पुन्हा भरल्या, तरी ते हातातून सुटले नाही. अभ्यासाच्या सूचनाही त्यावरच येत असल्याने सरसकट बंदीची भाषा फारशी उपयोगाची नाही. शरीराचे गणित समजून घेणे हाच खरा मार्ग होय.

प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन सुमारे साडेचार ते साडेपाच किलो असते. मान सरळ असताना मानेचे सात मणके हा भार सहज पेलतात. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूप मांडून असे दाखविले की, मान पंधरा अंशांनी झुकली तर मणक्यांवर सुमारे १२ किलोंचा आणि साठ अंशांनी झुकली तर सुमारे २७ किलोंचा भार येतो. हे आकडे हिशेबाने काढलेले आहेत आणि मान झुकविणाऱ्या प्रत्येकालाच दुखणे जडते असेही नाही. लिहिताना, वाचतानाही मान झुकतेच. म्हणून केवळ कोनाला दोष देऊन भागणार नाही. मान एकाच स्थितीत किती वेळ अडकून राहते, हेही पाहिले पाहिजे.

न हलता बसलेल्या मुलाच्या मानेचे आणि खांद्याचे स्नायू आखडतात. मानेच्या मुळाशी सुरू झालेली कळ डोक्यावरून कपाळापर्यंत पोहोचते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. त्यात रात्रीच्या जागरणाची भर पडते. मग मूल म्हणते, ‘आई, डोके दुखते.’ घरातील मोठ्यांना ते अभ्यास टाळण्याचे निमित्त वाटते, किंवा बाम चोळून, गोळी देऊन विषय संपविला जातो. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्याने डोकेदुखी उलट वाढू शकते. दुखणे खरे असते. त्याचे कारण मात्र कोणी विचारत नाही.

उपाय बिनखर्चाचे आहेत. यंत्र डोळ्यांच्या पातळीजवळ धरावे, कोपरांना आधार द्यावा, अंथरुणात पडून पाहू नये. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून खांदे फिरवावेत, दूरवर नजर टाकावी. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटांचा व्यायाम सांगितला आहे. सूर्यनमस्कार, खो-खो, कबड्डी यांत तो आनंदाने होतो. मात्र हातांना मुंग्या येणे, अशक्तपणा जाणवणे, डोकेदुखीसोबत उलट्या होणे किंवा दुखण्याने झोपेतून जाग येणे, असे काही घडल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. चष्म्याचा नंबरही तपासून घ्यावा.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक धडा घालून दिला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच घरोघरी दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवायचे, असा निर्णय ग्रामसभेने घेतला. मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी आपसांत बोलावे, हा हेतू होता. शिक्षक व अंगणवाडी सेविकांनी घरोघरी जाऊन लोकांची समजूत घातली. नियम एकट्या मुलांना नव्हता, साऱ्या घराला होता, हेच या निर्णयाचे मर्म आहे.

वडील पडद्यात मान घालून ‘अभ्यासाला बस’ म्हणत असतील, तर मूल त्यांचे शब्द ऐकत नाही, त्यांची मान पाहते. कागलच्या घराघरांत दिवेलागणीला एक तास ही यंत्रे बाजूला ठेवली जावीत, आणि आरंभ घरातील कर्त्या माणसाने करावा. मुलाला ताठ मानेने जगायला शिकविणाऱ्याने आधी स्वतःची मान वर उचलली पाहिजे.