पोपट आणण्याआधी फुप्फुसांचं बघू

आमच्या घरी पक्षी आणायचा विषय चालू आहे. घरी म्हणजे मी, आई आणि आईचा दमा. त्यामुळे आज गोंडस व्हिडिओंबद्दल नाही, धुळीबद्दल बोलणार आहे.

आधी कायद्याचं. आपला हिरवा देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. आजोळी पिंजऱ्यात मिठू होता, हे कारण चालत नाही. मग उरतात परदेशी जाती. बजरीगर (बाजारात यांनाच सर्रास 'लव्हबर्ड्स' म्हणतात), कॉकॅटिल, आफ्रिकन ग्रे वगैरे.

मला कॉकॅटिल आवडतो. पण कॉकॅटिल, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे यांची काही पिसं झिजून त्यांची पांढरी पावडर होते आणि ती घरभर उडते. दम्याच्या माणसाला एवढंही पुरतं.

त्यात एक आजार आहे सिटॅकोसिस. क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू, वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की लागतो. पक्षी वरून ठणठणीत दिसू शकतो. आपल्याला साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी थेट न्यूमोनिया. औषध आहे, डॉक्सिसायक्लिन. घोळ होतो तो निदानात. ताप आला की डेंगी, कोविड बघतात, पण 'घरात पक्षी आहे का?' हे सहसा कोणी विचारत नाही. ते आपणच सांगायचं.

मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याची, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांमुळे होणारा आजार म्हणून तुम्ही ऐकला असेल. यात जंतूच नसतो. पिसं आणि विष्ठेतल्या प्रथिनांवर आपलीच प्रतिकारशक्ती चिडते. महिनोन्‌महिने हळूहळू चालतं, जिना चढताना धाप लागते, खोकला जात नाही. आणि फुप्फुसात व्रण झाले की ते भरून येत नाहीत. मुख्य उपाय एकच, पक्षी घराबाहेर. आता आईला धाप तशीही लागते. ती दम्याची की याची, हे आम्हाला कधी कळणार?

काळजी घेता येते. पिंजरा ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा झाडू नाही, मास्क लावायचा, नवा पक्षी आधी पशुवैद्याला दाखवायचा. पिंजरा झोपायच्या खोलीत नको, असंही सांगतात. आमच्या वन बीएचकेत आई हॉलमध्येच झोपते, बोला!

बरं, कॉकॅटिल नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. तो माणसांना जीव लावतो. नंतर त्रास झाला म्हणून परत करायला ती काही ऑनलाइन ऑर्डर नाही.

हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "तू दिवसभर ऑफिसात असतोस. मला घरात कोणाचा तरी आवाज हवाय रे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. येत्या शनिवारी छातीच्या डॉक्टरांकडे जातोय, आधी तिची फुप्फुसांची तपासणी. ते नाही म्हणाले, तर आवाजाचं दुसरं काहीतरी बघावं लागेल. तुमच्याकडे दम्याचं माणूस आणि पक्षी एकत्र असतील तर मला कळवा, खरं खरं कळवा.