५१६ तास



शाळेंतून निवृत्त झालेल्या मास्तरानें नभोवाणीवर बोलावयास यावें आणि विषय मात्र सूत, लोकर व माग यांचा घ्यावा, याचें आपणांपैकीं कांहींना नवल वाटेल. खुलासा एवढाच, कीं माझें बालपण येवल्यास विणकरांच्या शेजारांत गेलें. शाळा सुटली कीं मी मागाजवळ जाऊन बसत असें आणि पैठणीच्या पदरावर मोर कसा उमटतो तें पाहत असें. त्या मोराचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाहीं. जेवढ्या जागेंत तो रंग हवा, तेवढ्याच जागेंत त्याची निराळी कांडी फिरते, आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकून मागें येते. पुढें मी मॅट्रिक झालों, शिक्षक झालों, आणि मागाची ओढ जवळजवळ चाळीस वर्षें मनांतच राहिली.

अशा ओढीवर माणसाचा चरितार्थ चालेल काय? या प्रश्नाच्या नादांत मीं विल्यम मॉरिस या इंग्रज गृहस्थाची हकीकत वाचली. तीच आज सांगणार आहें.

मॉरिसचा जन्म १८३४ चा. ऑक्सफर्डला तो गेला धर्मोपदेशक होण्यासाठीं. तो विचार सोडून त्यानें एका वास्तुशिल्पकाराच्या कचेरींत उमेदवारी केली, चित्रें काढून पाहिलीं, कविता लिहिल्या. असा विद्यार्थी माझ्या वर्गांत असता तर त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं काय शेरा मारला असता, तें सांगावयास नको! परंतु याच धरसोडीच्या दिवसांत त्यानें जुन्या पद्धतीची भरतकामाची चौकट करवून घेतली, लोकर रंगवून घेतली, आणि स्वतः टांके घालावयास बसला. १८५९ मध्यें जेन बर्डन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. मग दोघें मिळून जुन्या भरतकामाचे तुकडे आणीत आणि ते उसवून पाहत. टांका कोठून निघाला, कोठें वळला, हें सांगणारा गुरु नव्हता. उसवतां उसवतां तें कळत गेलें.

१८६१ मध्यें त्यानें मित्रांसह घरसजावटीच्या वस्तूंची एक मंडळी काढली, आणि १८७५ मध्यें ती एकट्याच्या ताब्यांत घेतली. येथें एक गोष्ट लपवून उपयोग नाहीं. त्याच्यापाशीं वडिलार्जित पैसा होता, तांब्याच्या खाणीचे भाग होते. पोटाची चिंता नसतां छंद जोपासणें सोपें, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं. पण पैशानें हात निळे होत नाहींत. १८५६ नंतर बाजारांत रासायनिक रंग येऊं लागले होते. मॉरिसला ते आवडेनात. म्हणून तो लीक या गांवीं टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन राहूं लागला. (हा वॉर्डल आपल्याकडील टसर रेशमाचा मोठा जाणकार, पुढें १८८५ मध्यें तो हिंदुस्थानांतहि येऊन गेला.) तेथें नीळ, मंजिष्ठेच्या जातीचीं मुळें, अक्रोडाचीं मुळें यांचे रंग त्यानें स्वतः घोटले. चाळिशी ओलांडलेला नामांकित कवि कोंपरापर्यंत निळे हात घेऊन हिंडत असे.

१८७९ मध्यें त्यानें निजावयाच्या खोलींत माग उभारला. विणकाम शिकला तें एका जुन्या फ्रेंच पुस्तकावरून. पहांटे उठून विणावयाचें आणि किती तास झाले तें टिपून ठेवावयाचें, असा क्रम मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत चालला. पानें आणि वेली यांचा तो पहिला पडदा पुरा झाला, तेव्हां वहींत ५१६ तास भरले होते. त्या पडद्याची रीत वाचून मी थक्क झालों. येवल्याचा मोर आणि लंडनची ती वेल मुळांत एकाच युक्तीनें विणलेलीं आहेत!

१८८१ पासून मर्टन येथें त्याचा मोठा कारखाना चालला. स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचें त्याचें प्रसिद्ध छापील कापड १८८३ चें. त्याच वर्षीं तो समाजवादी चळवळींत शिरला. पण ग्राहक बहुतेक श्रीमंतच राहिले. चांगला रंग आणि चांगली मजुरी द्यावयाची तर किंमत उतरत नाहीं, हा पेंच त्याला सुटला नाहीं.

मलाहि तो सुटलेला नाहीं. निवृत्तीनंतर मीं खिडकीशीं एक लहानसा उभा माग बसविला. पहिलें आसन झालें. एका बाईंनीं किंमत विचारली. मीं संकोचानें लोकरीचे पैसे तेवढे सांगितले. त्या गेल्यावर आमच्या मंडळींनीं विचारलें, “अहो, शाळेंत खडूच्या किंमतींत शिकवीत होतां का?” त्या दिवसापासून मीहि वही घातली. दुसऱ्या आसनाला त्र्याण्णव तास लागले. मजुरीसह किंमत सांगितली, तेव्हां दोन ग्राहक हंसून परत गेले. तिसऱ्यानें बराच वेळ आसन उलटून पाहिलें, मागची बाजू बोटानें चांचपली, आणि पैसे मोजले. माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशींहि हात इतका कांपला नव्हता.

सध्यां मागावर एक कमळ आहे. काल त्याची एक पाकळी वांकडी गेलेली दिसली. सहा तासांचें काम उसवलें. ते तास वहींत लिहिले आहेत. ते किंमतींत धरावे कीं नाहीं, यावर आमच्या घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.