काठीच्या टोकाने दिलेली जमीन



ज्या इंग्लंडच्या कायद्याचे दाखले देऊन आपल्याकडील वकिलांच्या दोन-तीन पिढ्यांनी न्यायमंदिरे गाजविली, त्या इंग्लंडात १९२५ सालच्या अखेरच्या दिवसापर्यंत अशी कितीतरी शेते, कुरणे आणि घरे होती की, ती विकावयाची झाल्यास खरेदीखत लिहून घेणाऱ्याच्या हाती देणे पुरेसे होत नसे. विकणाऱ्याने मॅनर नावाच्या जुन्या जहागिरीच्या न्यायसभेपुढे रुजू व्हावयाचे, तेथील कारभाऱ्याच्या हाती एका काठीच्या निशाणीने आपली जमीन सोडून द्यावयाची, आणि मग त्याच कारभाऱ्याने त्याच काठीने ती घेणाऱ्याच्या स्वाधीन करावयाची, असा परिपाठ होता. या धारणेस कॉपीहोल्ड म्हणत. दास्यातून जन्मलेला एक हक्क लेखी नोंदीच्या आणि शेजाऱ्यांच्या साक्षीच्या बळावर पक्क्या मालकीच्या पदवीस कसा चढला, आणि चढताना त्याने कोणाकोणास मागे टाकले, हे या एका रीतीत जितके स्वच्छ दिसते तितके मोठमोठ्या सनदांच्या इतिहासात दिसत नाही, असे माझे मत असल्यामुळे आजच्या व्याख्यानास मी हा विषय घेतला आहे.

मॅनरची घडण थोडक्यात सांगतो. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढे वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, राजाज्ञेने जी जमिनीची प्रचंड पाहणी झाली तीत देशातील बहुतेक जमीन अशा मॅनरांच्या हिशेबाने मांडलेली आढळते. मॅनरचा लॉर्ड कधी सरदार असे, कधी मठ, कधी विद्यापीठातील एखादे कॉलेज, तर कधी खुद्द राजा. काही जमीन तो स्वतः कसवून घेई, बाकीची कुळांकडे असे. आणि त्या कुळांत स्वतंत्र कुळांखेरीज जो मोठा वर्ग होता, तो व्हिलेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बांधील शेतकऱ्यांचा. त्याने आठवड्यातून ठरलेले दिवस लॉर्डच्या शेतावर वेठीने राबावे, मुलीच्या लग्नासाठी लॉर्डास रक्कम भरावी, परवानगीवाचून गाव सोडू नये. आपल्या शेतासाठी राजाच्या न्यायालयात दाद मागण्याची त्याला मुभा नव्हती. कारण राजाच्या कायद्याच्या दृष्टीने ते शेत लॉर्डचे होते, आणि व्हिलेन तेथे लॉर्डच्या मर्जीवर होता.

परंतु राजाच्या न्यायालयाचा दरवाजा बंद असला तरी लॉर्डच्या न्यायसभेचा उघडा होता. ही सभा मूळच्या रिवाजाप्रमाणे दर तीन आठवड्यांनी भरावयाची. कारभारी अध्यक्षस्थानी बसे खरा, पण जमीन कोणाची, वारस कोण, बांध कोठून जातो, हे सांगण्याचा अधिकार शपथबद्ध पंचांचा असे, आणि हे पंच त्याच गावची कुळे असत. ते जे सांगत ती त्या मॅनरची वहिवाट. म्हणून पुढे या धारणेचे जे ठरीव वर्णन झाले त्यात, लॉर्डच्या मर्जीने, पण मॅनरच्या वहिवाटीप्रमाणे, अशी दोन कलमे एकापुढे एक बसली. पहिल्या कलमाने सारे काही लॉर्डच्या स्वाधीन केले होते. दुसऱ्याने ते हळूहळू, शतकानुशतके, त्याच्या हातून काढून घेतले.

तेराव्या शतकाच्या मध्यापासून या सभांची टिपणे लिहिली जाऊ लागली. चर्मपत्राच्या लांब पट्ट्या, त्यांवर संक्षिप्त लॅटिन, पट्ट्यांची वरची टोके एकत्र शिवून केलेली गुंडाळी, असे त्या दप्तराचे, म्हणजे पटांचे, रूप. यॉर्कशरमधील वेकफील्डच्या मॅनरची अशी टिपणे १२७४ पासून १९२५ पर्यंत जवळजवळ अखंड चालत आलेली आहेत. एका जहागिरीच्या कचेरीने साडेसहाशे वर्षे वारसा, विक्री, गहाण आणि दंड यांची नोंद ठेवावी, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास धन्य वाटावी अशी आहे. मात्र लॉर्डांनी हे लेखन कुळांच्या हितासाठी आरंभिले नव्हते. आपला नजराणा बुडू नये, आपला हक्क विसरला जाऊ नये, हा त्यांचा हेतू, आणि म्हणून प्रत्येक नोंदीच्या समासात वसुलीची रक्कम मांडलेली असे. पण एकदा लिहिले गेलेले दोघांनाही बांधते. लॉर्डने आपल्या वसुलीसाठी लिहविलेल्या त्याच ओळींची नक्कल कुळाने मागून घेतली, पेटीत जपून ठेवली, आणि तीच त्याच्या जमिनीचा दस्त झाली.

आता हस्तांतराचा प्रत्यक्ष विधी पाहू. सभा मॅनरच्या वाड्यातील दालनात, किंवा पुढे पुढे गावच्या खाणावळीतही, भरे. शिपाई पुकारा करी, पंचांची शपथ होई. मग जमीन सोडणारा कूळ पुढे येऊन काठीचे एक टोक धरी, दुसरे टोक कारभाऱ्याच्या हाती असे; काही मॅनरांत काठीऐवजी हातमोजा किंवा गवताची काडी चाले, कारण प्रत्येक ठिकाणची वहिवाट निराळी. कूळ सर्वांसमक्ष सांगे की, अमुक क्षेत्राची, अमुक शेजाऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये असलेली माझी जमीन मी लॉर्डच्या हाती सोडीत आहे, आणि ती अमक्याच्या उपयोगासाठी सोडीत आहे. या शेवटच्या शब्दांत सर्व विधीचे मर्म आहे. जमीन क्षणभर लॉर्डकडे परत जाते खरी. पण ती स्वतःकडे ठेवण्याचा, किंवा दुसऱ्याच कोणास देण्याचा अधिकार त्यास उरत नाही. ज्याचे नाव उच्चारले गेले त्यालाच त्याने दाखल करून घेतले पाहिजे. मग घेणारा पुढे येई, नजराणा भरी, एकनिष्ठेची शपथ घेई आणि काठीचे टोक धरून कूळ होई. लेखनिक ते सर्व पटावर उतरी व त्याची नक्कल नव्या कुळास मिळे. मुंबई इलाख्यातील पाहणीपद्धतीत जुन्या खातेदाराने राजीनामा द्यावयाचा आणि नव्याने कबुलायत लिहून द्यावयाची, ही रीत ज्यांनी आपल्या वडिलांच्या कागदांत पाहिली असेल, त्यांना या दुपेडी व्यवहाराची ठेवण चटकन ध्यानात येईल.

विक्रीपेक्षा मृत्यूच्या प्रसंगी वहिवाटीचे वैचित्र्य अधिक दिसे. कूळ वारल्याची वर्दी पंच देत. पुष्कळ ठिकाणी त्याच्या गोठ्यातील उत्तम जनावर लॉर्डच्या हक्काचे ठरे, आणि घरचा कर्ता गेला त्याच आठवड्यात दावणीचा बैलही जावा, यातील क्रूरता कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावी लागणार नाही. वारसाने यावे म्हणून एकामागून एक तीन सभांत पुकारा होई. कोणी न आल्यास लॉर्ड जमीन ताब्यात घेई, तीही वारस येईपर्यंतच. वारस कोण, तर कोठे थोरला मुलगा, आणि सरे, ससेक्स वगैरे परगण्यांतील कित्येक मॅनरांत सर्वांत धाकटा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत आयुष्यभर राहण्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी होता, पण पुनर्विवाह केल्यास तो जाई. अंथरुणाला खिळलेल्या कुळाला सभेपर्यंत जाता येत नसेल, तर दोन कुळांच्या हाती घरीच जमीन सोडता येई, व ते पुढच्या सभेत तसे निवेदन करीत. मृत्युपत्राने जमीन द्यावयाची तर आधी मृत्युपत्राच्या उपयोगासाठी म्हणून ती सोडून ठेवावी लागे. हा खटाटोप १८१५ च्या कायद्याने अनावश्यक ठरला. सावकाराकडून कर्ज काढणारा अटीवर जमीन सोडी: अमुक तारखेस रक्कम फेडली तर हे सोडणे रद्द समजावे.

एक बारकावा मला विशेष आदरणीय वाटतो. विवाहित स्त्रीची जमीन नवऱ्याच्या जोडीने सोडावयाची असेल, तर कारभारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन एकटीला विचारी की, हे तू आपखुशीने करीत आहेस ना. आणि तसे विचारल्याची नोंद पटावर होई. ज्या काळी विवाहित स्त्रीचे स्वतंत्र अस्तित्व कायदा जवळजवळ मानीतच नव्हता, त्या काळी एका खेड्याच्या सभेत तिला हा प्रश्न विचारला जाई.

पण या पटांचे दुसरे रूप विसरून चालणार नाही. १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडातील लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी, कदाचित अर्धाही, नाहीसा झाला. राबणारे हात दुर्मिळ झाले, मजुरी वाढू लागली, आणि लॉर्डांनी जुन्या वेठीचा आग्रह धरला. १३८१ च्या उन्हाळ्यात एसेक्स, केंट, हर्टफर्डशर, सफोक येथील शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी मॅनरचे पट बाहेर काढून जाळले. मुलीच्या लग्नाची रक्कम, वेठीचे दिवस, बापाचे आणि आज्याचे बांधीलपण, हे सर्व त्या चर्मपत्रावर लिहिलेले होते, तेव्हा त्यांचा रोष कोणावर होता हे उघड आहे. चौदा वर्षांच्या राजाने दिलेली मुक्तीची वचने काही आठवड्यांतच मागे घेतली गेली. परंतु त्यानंतर काही मॅनरांत जे नवे पट सुरू झाले, त्यांच्या आरंभी तीच कुळे पुन्हा सभेत येऊन आपापल्या जमिनी नव्याने मागून घेताना दिसतात. पट जळाला तेव्हा बांधीलपणाबरोबर त्यांच्या ताब्याचा पुरावाही जळाला होता.

पंधराव्या शतकात वेठीचे रूपांतर रोख खंडात होत गेले, आणि राजाच्या न्यायाधीशांची दृष्टीही पालटली. जो कूळ आपली देणी वेळेवर देतो त्याला लॉर्डने हुसकल्यास त्या कुळाला लॉर्डवरच फिर्याद करता यावी, असे मत सरन्यायाधीश डॅनबी यांनी १४६७ मध्ये व ब्रायन यांनी १४८१ मध्ये दिले. चॅन्सरीचे न्यायालय त्याच सुमारास अशा कुळांच्या तक्रारी ऐकू लागले होते. पुढे कायदेपंडित एडवर्ड कोकने कॉपीहोल्डवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा हे कूळ लॉर्डच्या रागलोभाची भीती न बाळगता जगू शकते, असे तो निःशंकपणे सांगू शकला.

येथेच थांबलो तर चित्र एकांगी होईल. कुळाला हुसकता येत नसले तरी नजराण्याचा आकडा वाढवून बेजार करता येत होते. जेथे तो वहिवाटीने निश्चित होता तेथे किमती चढत गेल्या तशी कुळे सुखी झाली. जेथे तो लॉर्डच्या इच्छेवर होता, किंवा पश्चिमेकडील परगण्यांत असे त्याप्रमाणे जमीन तीन माणसांच्या हयातीपुरतीच दिलेली होती, तेथे सोळाव्या शतकातील महागाईत शेतकरी भरडले गेले. १५४९ साली रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली नॉर्फोकचे लोक नॉर्विचजवळच्या माळावर जमले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत अशी एक मागणी होती की, कॉपीहोल्ड जमिनीवरचा अवाजवी खंड सातव्या हेन्रीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीवर आणावा, आणि मृत्यूच्या अथवा विक्रीच्या वेळचा नजराणा एखाद्या कोंबड्याइतका, किंवा केवळ आठवणीपुरता असावा. ते बंड सैन्याने मोडले. न्यायालयांनी यथाकाल असा दंडक घातला की, लॉर्डच्या इच्छेवरचा नजराणाही दोन वर्षांच्या उत्पन्नाहून अधिक नसावा; तोपर्यंत कित्येक घराणी उठून गेली होती.

आणि ज्यांच्यापाशी नक्कलच नव्हती त्यांचे काय? कॉपीहोल्डदाराचा पोटकूळ, माळरानाच्या कडेला झोपडी बांधून राहिलेला मजूर, गावच्या कुरणात एक गाय चारणारी म्हातारी, यांचा पटात उल्लेखच नव्हता. पुढे गावोगावची सामाईक कुरणे कुंपणात बंद झाली, तेव्हा नोंद असलेल्याला मोबदला मिळाला. नोंद नसलेल्याला बहुधा काहीच मिळाले नाही. १६६० मध्ये पार्लमेंटने सरदारांची राजाला द्यावयाची जुनी सरंजामी देणी रद्द केली, पण त्याच कायद्यात कॉपीहोल्डची देणी मात्र जशीच्या तशी राखून ठेवली. स्वतःच्या मानेवरचे जू उतरवून घेताना कुळांच्या मानेवरचे जू सांभाळून ठेवणाऱ्या या कायद्याला मी तरी न्याय्य म्हणणार नाही.

या मॅनरव्यवस्थेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आलेला आहे. मार्च १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीस दिले ते केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरची जमीन असल्याप्रमाणे, सालीना सोन्यातील १० पौंड खंडावर. धारणा अर्थात कॉपीहोल्डची नव्हे, स्वतंत्र कुळाची होती. परंतु माहीम, परळ आणि माझगावची भूमी कागदोपत्री टेम्सकाठच्या एका मॅनरशी जोडली गेली, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे.

एकोणिसाव्या शतकात १८४१, १८५२ आणि १८९४ च्या कायद्यांनी मोबदला देऊन कॉपीहोल्डचे रूपांतर पूर्ण मालकीत करण्याची वाट मोकळी केली. शेवटी १९२२ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १९२६ रोजी उरलेल्या सर्व कॉपीहोल्ड जमिनी एकदम पूर्ण मालकीच्या झाल्या, आणि बहुतेक किरकोळ देणी मोबदल्यानिशी १९३५ अखेर संपली. धारणा नष्ट करतानाच पार्लमेंटने हे पट कायद्याच्या संरक्षणाखाली आणले, ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी होती. त्यांचे अध्ययन ज्याने खऱ्या अर्थाने सुरू केले तो केंब्रिजचा कायद्याचा इतिहासकार मेटलंड. त्याने संपादिलेला मॅनर-न्यायसभांतील निवडक नोंदींचा खंड सेल्डन सोसायटीने १८८९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात मूळ लॅटिनसमोर इंग्रजी भाषांतर दिलेले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, आणि ज्यांच्या घरी जुनी वतनी दप्तरे पडून आहेत अशा सर्वांनी, तो एकवार जरूर वाचावा.