दिव्याचा डोळा
(कात्रज येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला आमच्या अंगणातल्या दिव्याची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लहान आहे. पण तीत आमची चूक आहे. म्हणूनच ती सांगायची.

आमचे घर कात्रजला, घाटाच्या बाजूला आहे. कात्रज आता पुणे शहरात मिसळले आहे. रस्त्यावर मोटारींची दाटी झाली आहे. तरी आमच्या घरामागे अजून अंगण आहे, झाडी आहे. न्हाणीघर अंगणापलीकडे आहे. पावसाळ्यात तिकडे विंचूकाटा निघतो. म्हणून अंगणात रात्रभर दिवा हवा.

आम्ही तेथे आपोआप लागणारा दिवा बसवला. त्याला एक लहान डबी जोडलेली असते. तिला सेन्सर म्हणतात. आपण तिला दिव्याचा डोळा म्हणू. अंधार पडला की दिवा लागतो. उजाडले की विझतो. बटण दाबायला नको.

हा डोळा बघतो कसा? अशा बऱ्याच डब्यांत एक बारीक चकती असते. तिच्यावर उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते. अंधारात ती विजेची वाट अडवते. त्यावरून दिवस की रात्र हे डबी ओळखते.

गेल्या श्रावणात आमचा दिवा बिघडला. संध्याकाळी लागायचा, लगेच विझायचा, पुन्हा लागायचा. रात्रभर उघडझाप. आम्ही म्हटलं, डोळा गेला. बाजारातून नवा आणला. वायरमनने तो जुन्याच्याच जागी बसवला. रात्र झाली, आणि पुन्हा तीच उघडझाप! आम्हांला राग आला. बटण बंद केले आणि झोपलो.

त्याच रात्री आमच्या आक्का न्हाणीघराकडे जायला उठल्या. आक्का म्हणजे आमची थोरली बहीण. वय पंचाहत्तर. अंगणात मिट्ट काळोख. ओल्या पायरीवरून पाय निसटला. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. त्या आम्हांला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच आम्हांला जास्त लागले.

आक्कांना भेटायला शेजारच्या ताई आल्या. वर्षापूर्वी त्या याच वर्गात मुळाक्षरे गिरवीत होत्या. सेन्सरचे रिकामे खोके खिडकीत पडले होते. आत एक कागद होता. ताईंनी तो उचलला. अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. पण यात लिहिलंय, दिव्याचा उजेड सेन्सरवर पडू देऊ नये. तुमची डबी तर दिव्याच्या अगदी जवळ आहे."

मंडळी, आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. आणि घरातला चार ओळींचा कागद वाचला नाही!

खरा प्रकार असा होता. उन्हाळ्यात आम्ही भिंतीला चुना दिला. बल्बही जास्त उजेडाचा लावला. तो उजेड पांढऱ्या भिंतीवरून उलटून डोळ्यावर पडे. डोळ्याला वाटे, दिवस उगवला. तो दिवा विझवी. मग अंधार होई, आणि तो पुन्हा दिवा लावी. डोळा चांगला होता. जागा चुकली होती. वायरमनने डबी दिव्यापासून दूर, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवली. त्या रात्री दिवा सकाळपर्यंत जळला. जुना डोळाही तपासला. तोही चांगलाच निघाला!

आपल्या कात्रजच्या तलावाचेच बघा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, सुमारे १७५० साली, येथून बांधीव नळाने पुण्यात पाणी नेले. तेव्हा पंप नव्हते. पाणी उतारानेच जाई. उतार चुकला असता, तर चांगले बांधकामही फुकट गेले असते. वस्तू चांगली हवीच, पण तिची जागाही बरोबर हवी.

तेव्हा दिवा बिघडला तर आधी पारख करा. दिवा दिवसा जळतो का? मग डबीवर धूळ, जाळे किंवा फांदीची सावली आहे का ते बघा. दिवा रात्री लागत नाही का? मग आधी बल्ब बदलून बघा. दिवसा डबीवर जाड काळे फडके घाला आणि दोन मिनिटे थांबा. दिवा लागला, फडके काढल्यावर विझला, तर डोळा शाबूत आहे. डबीत पाणी शिरले असेल, तर ती बदलावी लागेल.

"जळेना का दिवसा," असे म्हणू नका. वीस वॉटचा दिवा रोज बारा तास फुकट जळला, तर महिन्याला सात युनिटे जातात. बिल आपल्यालाच भरायचे असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. स्वीडन देशात गुस्ताफ डालेन नावाचे इंजिनिअर होते. समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवणारे गॅसचे दिवे रात्री आपोआप लागावेत आणि दिवसा विझावेत, अशी युक्ती त्यांनी १९०७ साली काढली. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गॅसचे प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्यांचे डोळे गेले. पुढे १९३७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी काम सोडले नाही. एवढ्या जाणत्या माणसावरही असा प्रसंग आला. मग आपण किती जपायला हवे!

सेन्सरचा दिवा विझलेला असला, तरी तारेत वीज असते. म्हणून बल्ब बदलतानासुद्धा आधी मेन स्विच बंद करा. ओल्या हाताने, ओल्या शिडीवर काम करू नका. पोरांना वर चढवू नका. तारांच्या रंगावरही भरवसा ठेवू नका. जुन्या घरांत लाल तार फेजची आणि काळी न्यूट्रलची असते. पण पुष्कळ सेन्सरांची काळी तारच फेजला जोडायची असते, आणि लाल तार दिव्याकडे जाते. खोक्यावरचे चित्र बघा. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

आक्कांचा हात आता बरा आहे, पण भरलेली कळशी उचलवत नाही. आम्ही रोज ती भरून आत ठेवतो. आणि घरात नवी वस्तू आली की आधी तिचा कागद वाचतो. अडले तर ताईंना विचारतो. तुम्हीही वाचा. अक्षरे शिकलात ती त्यासाठीच.