खिशातला नकाशा आणि डोंगरातली वाट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"ज्येष्ठांनी तरुणांना दोन शब्द सांगावेत" असा आग्रह कार्यकारिणीने केला. नुसता उपदेश कोणालाच आवडत नाही, म्हणून मी एक उपयोगाचा विषय निवडला आहे. डोंगरात रेंज नसताना मोबाईलवर वाट कशी शोधायची, हा तो विषय.

पावसाळा लागला की आपल्या सोसायटीतली मुलं-मुली शनिवार-रविवार गाठून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाकडे निघतात. आपण सोलापूरकर सपाटीवरचे, त्यामुळे डोंगराची हौस मोठी. पाठपिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हातात मोबाईल! इकडे घरची मंडळी फोन लावून लावून थकतात. मुलं म्हणतात, "मोबाईल आहे ना बरोबर!" मोठे म्हणतात, "रेंज गेली की त्या डब्याचा काय उपयोग?" माझ्या मते दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे.

आधी मोठ्यांसाठी सांगतो. आपण कुठे उभे आहोत हे कळायला मोबाईलला रेंज लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश सतत पाठवत असतात. मोबाईल ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की, कोणता संदेश यायला किती वेळ लागला यावरून तो आपली जागा काढतो. त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्जही लागत नाही. नेट नसेल तर सुरुवातीला काही मिनिटं जास्त लागतात, एवढंच. त्या वेळी मोकळ्या आभाळाखाली शांत उभं राहावं.

मग अडतं कुठे? ठिपका दिसतो, पण त्याखालचा नकाशा कोरा असतो. नकाशा येतो नेटवरून, आणि नेट पायथ्याच्या गावातच संपलेलं असतं. म्हणून नकाशा घरूनच उतरवून न्यायचा. आम्ही बँकेत सांगायचो, खात्यात शिल्लक बघा, मगच चेक लिहा. हेही तसंच आहे. गूगल मॅप्सचा नकाशा उतरवता येतो, पण नेट नसताना तो गाडीची वाट सांगतो, पायवाटेची नाही. डोंगरासाठी ऑर्गेनिक मॅप्स किंवा ओस्मअँड बरे. ते ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात. त्यात लोकांनी स्वतः नोंदवलेल्या पायवाटा असतात आणि उंचीच्या रेषाही दाखवता येतात.

आता तरुणांनो, तुमची पाळी. मोबाईल "तू इथे आहेस" एवढंच खात्रीने सांगतो. "इथून जा" हे तितक्या खात्रीने सांगत नाही. नकाशावरची पायवाट कदाचित गुरांची असेल, कदाचित गेल्या पावसात दरड पडून मोडली असेल. हरिश्चंद्रगडावर धुक्यात कोकणकडा अलीकडे की पलीकडे हे डोळ्यांना कळत नाही. मोबाईल म्हणतो, गाव सरळ रेषेत जवळच आहे. पण त्या सरळ रेषेत कडा असतो! नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की समजा, तिथे उतार नाही, कडाच आहे. शिवाय अरुंद घळीत, उंच कातळाजवळ संदेश कातळावर आपटून येतात आणि ठिपका खऱ्या जागेपासून बराच सरकतो. तिथे पायाखाली बघायचं, पडद्यावर नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. रेंज नसलेल्या ठिकाणी मोबाईल रेंज शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी खातो. विमान मोडवर टाका. बहुतेक मोबाईलमध्ये जीपीएस तरीही चालतं, पण आपल्या मोबाईलवर हे घरीच तपासा. चालायला लागताना आपला मार्ग नोंदवायला लावा. वाट चुकलात तर नवीन वाट शोधू नका, त्याच रेघेवरून मागे फिरा. नकाशा निदान दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. पॉवर बँक आणि मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण ओल्या पडद्याला बोट कळत नाही. आणि पायथ्याच्या गावात वाट विचारायला लाजू नका. तिथल्या माणसाला यंदाचा पाऊस माहीत असतो, उपग्रहाला नसतो.

हे शिकायला सह्याद्रीत जायलाच हवं असं नाही. सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली ६८ लिंगं आपल्या शहरात आणि आसपास आहेत. एका रविवारी नेट बंद करा, उतरवलेला नकाशा उघडा आणि त्यातली पाच-सहा शोधून या. चुकलात तर रिक्षा आहेच. आजी-आजोबांनाही बरोबर न्या. नकाशात नसलेलं लिंग त्यांना ठाऊक असेल.

शेवटी घरच्यांसाठी. मुलं निघताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: कोणता गड, कोणत्या गावातून चढणार, कुठे उतरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन करणार. त्या वेळेआधी फोन लागला नाही तर घाबरू नका, मुलांनी तो बंद ठेवला आहे बॅटरी वाचवायला. वेळ टळून गेली तर मात्र "थोडं थांबू" म्हणू नका. ११२ ला फोन करून तो कागद वाचून दाखवा. आणि मुलांनो, अडचण आली तर विमान मोड काढा, रेंज मिळेल अशा सुरक्षित जागी या आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश साध्या संदेशाने घरी पाठवा. जिथे बोलणं होत नाही, तिथेही कधी कधी संदेश निघून जातो.

पंचवीस वर्षांत या सोसायटीतली लहान मुलं मोठी झाली. ती आता डोंगरात जाणारच, आणि जावीत. आपण अडवायचं नाही. त्यांनी नकाशा उतरवून न्यायचा, आणि आपण तो कागद जपून ठेवायचा.