बंद खिडकीतला खर्ज

दिल्लीच्या मंडी हाउस चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जो रस्ता निघतो, त्याला कोपर्निकसचे नाव दिलेले आहे. सूर्य फिरताना डोळ्यांना दिसतो म्हणून तो फिरतोच असे समजू नये, हे या पोलिश ज्योतिर्विदाने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितले. त्याच्या नावाच्या रस्त्याकाठी ज्याला झोप घ्यावयाची आहे, त्याला आज त्याच जातीचा एक धडा नव्याने शिकावा लागतो. खिडकी बंद दिसते, म्हणून ती आवाजालाही बंद असतेच असे नाही.

या रस्त्यावर कमानी प्रेक्षागृह आहे, दूरदर्शन भवन आहे, मराठी माणसाच्या परिचयाचे जुने महाराष्ट्र सदन आहे. चौकाच्या पोटात, जमिनीखाली, मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांस भेटतात. अशा वस्तीत रस्त्याकडे खिडकी असलेला एखादा गृहस्थ कल्पावा. घरात वृद्ध वडील आहेत, त्यांची झोप सावध आहे. म्हणून तो पदरचे पैसे खर्चून खिडकीला दुहेरी काचेची तावदाने बसवतो. पहिल्या रात्री घर आनंदते. भोंगे दूर गेले, फेरीवाल्याची हाक नाहीशी झाली, पाखरांची किलबिलसुद्धा थांबली. पण वडील सकाळी म्हणतात, ती घरघर तशीच आहे. किंबहुना आता तीच तेवढी ऐकू येते. मुलगा म्हणतो, "बाबा, आता कुठे राहिलाय आवाज? तुम्हांला भास होत असेल." हा संवाद अनेक घरांत होतो, आणि त्यात बहुधा वडिलांचेच खरे असते.

शेजारच्या घरी मैफल असली की भिंतीपलीकडून तबल्याची चाट ऐकू येत नाही, डग्ग्याची घुमक मात्र येते. गायकाचे शब्द विरून जातात, तंबोऱ्याचा खर्ज उरतो. आवाज जितका खालच्या पट्टीतला, तितका तो अडवणे कठीण. दर सेकंदाला हवेची किती कंपने होतात यावर ही पट्टी ठरते. थांबलेल्या बसचे सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला ३० स्फोट होतात. हा त्या घरघरीचा पाया. विजेच्या रोहित्राचा गुंजारव आपल्या देशात सेकंदाला १०० कंपनांचा असतो, कारण प्रवाहाची आवर्तने ५० आणि लोखंडाचे ताण त्याच्या दुप्पट. हे सारे खर्जाच्या प्रांतातले आवाज आहेत.

आवाजाला अडवते ते पडद्याचे वजन. पडद्याचे वजन दुप्पट केले, तर पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलांनी कमी होतो. उलट तोच पडदा ठेवून आवाजाची कंपने निम्म्यावर आणली, तर ही अडवणूक तितकीच घटते. नऊ इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला ४०० किलोंच्या वर जाते. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचे भरते अवघे १० किलो. या तुलनेतच खिडकीचे दुबळेपण उघड होते.

मग एका काचेऐवजी दोन काचा लावल्या, तर बळ दुप्पट का होऊ नये? येथेच सामान्य समजूत फसते. दोन काचांमध्ये कोंडलेली हवा ही रिकामी जागा नव्हे. ती एक स्प्रिंग आहे. दोन वजने आणि मधे स्प्रिंग अशी जोडी आपल्या एका ठरावीक लयीला झुलू लागते. त्या लयीचा आवाज बाहेरून आला, की पाळण्याला वेळेवर झोका मिळावा तशा काचा डोलतात आणि आवाज जवळजवळ मोकळा आत येतो. बाजारात नेहमी मिळणाऱ्या तावदानात ४ मिलिमीटरच्या दोन काचा आणि मधे १२ मिलिमीटरचे अंतर असते. तिची ही लय हिशेबाने सेकंदाला सुमारे २४५ कंपनांवर येते. या लयीच्या आसपास असे तावदान तेवढ्याच वजनाच्या एका जाड काचेपेक्षाही कमी पडते. लयीच्या पुष्कळ खाली गेले, तर दोन्ही काचा एकत्र बांधल्यासारख्या हलतात आणि त्यांचा उपयोग एका ८ मिलिमीटरच्या काचेपेक्षा अधिक होत नाही. लयीच्या वर मात्र दुहेरी काच आपले खरे तेज दाखवते. म्हणूनच भोंगा थांबतो आणि घरघर राहते. हे तावदान मुळात उष्णता अडवण्यासाठी योजलेले आहे. ते काम ते चोख करते. त्यात आर्गॉन वायू भरल्याने उष्णतेत फरक पडतो, खर्जात जवळजवळ पडत नाही.

उपाय याच गणितात दडलेला आहे. ही लय खाली न्यावयाची, तर स्प्रिंग मऊ केली पाहिजे आणि वजने वाढवली पाहिजेत. म्हणजे अंतर वाढवावयाचे आणि काच जाड करावयाची. ६ मिलिमीटरच्या दोन काचा १०० मिलिमीटर अंतरावर ठेवल्या, तर लय सुमारे ७० कंपनांवर उतरते. २०० मिलिमीटरवर ठेवल्या, तर ४९ वर. एवढे अंतर कारखान्यातून जोडून आलेल्या तावदानात मिळत नाही. त्यासाठी जुनी खिडकी तशीच ठेवून, भिंतीच्या जाडीचा फायदा घेऊन, आतल्या अंगाला दुसरी स्वतंत्र खिडकी बसवावी लागते. ध्वनिक्षेपणाच्या कलागृहांत वादकांची खोली आणि नियंत्रणकक्ष यांच्यामध्ये जी खिडकी असते, तिची रचना हीच आहे: दूर ठेवलेल्या, निरनिराळ्या जाडीच्या काचा, वेगवेगळ्या चौकटी, आणि मधल्या पोकळीच्या कडांना काचलोकरीसारखे आवाज शोषणारे अस्तर. दोन्ही चौकटी एकाच लाकडाला ठोकल्या, तर आवाज हवेचा मार्ग सोडून लाकडातून येतो. आणि फट राहिली, तर सारेच व्यर्थ. कारण खिडकीच्या शंभराव्या भागाएवढी फट असली, तरी काच कितीही उत्तम असो, एकंदर अडवणूक २० डेसिबलांच्या पुढे जात नाही.

तरीही हिशेब प्रामाणिक ठेवला पाहिजे. सेकंदाला ३० कंपनांच्या आवाजापुढे कोणतीही घरगुती खिडकी हतबल असते. काही कंप तर हवेतून येतच नाहीत. ते जमिनीतून आणि पायातून चढतात. शिवाय खोलीही आपला सूर मिसळते. ४ मीटर लांबीची खोली सुमारे ४३ कंपनांना घुमते. तेव्हा भिंतीलगत आणि कोपऱ्यात आवाज सर्वांत दाट असतो. पलंग कोपऱ्यातून काढून दोन हात पुढे ओढला, तर पैसा न खर्चता काही आराम मिळू शकतो. खर्चापूर्वी हा प्रयोग अवश्य करावा.

सर्वांत कठीण प्रश्न मापनाचा आहे. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. पण हे डेसिबल 'ए' नावाच्या मापाचे असतात. मानवी कानाला मंद खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून हे माप ६३ कंपनांपाशी २६ डेसिबल वजा करते आणि १०० कंपनांपाशी १९. रस्त्याच्या सर्वसाधारण गोंगाटाला हा हिशेब चालतो. रात्रभर एका सुरात घुमणाऱ्या घरघरीला तो अन्याय करतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच बजावले होते की, खर्जाचे प्रमाण मोठे असेल तेथे नेहमीच्या मर्यादेहूनही खालची मर्यादा हवी. तक्रारदाराने म्हणून एकाच वेळी 'ए' आणि 'सी' अशी दोन्ही मापे घ्यावयास सांगावीत. 'सी' मापात खर्जाची वजावट फार थोडी असते. दोन्हींत १५ ते २० डेसिबलांचा फरक निघाला, तर दोष माणसाच्या मनात नाही, आवाजाच्या पट्टीत आहे, हे कागदावर उमटते.

याच रस्त्यावर, फरीदकोट हाउसमध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. ध्वनिप्रदूषणाचे वादही तेथे पोहोचतात. पण प्रत्येक घरघर न्यायासनापर्यंत नेणे शक्य नाही आणि इष्टही नाही. थांबल्या गाडीचे इंजिन बंद करणे, जनित्राखाली रबराच्या बैठका घालणे, रोहित्र झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवणे, हे उपाय कोणत्याही काचेहून स्वस्त आहेत. कारण आवाज उगमापाशी अडवला, तर तो शंभर खिडक्यांत एकाच वेळी थांबतो.

आणि त्या आधीचा उपाय तर अगदीच बिनखर्ची आहे. घरातील वृद्ध माणूस सकाळी उठून म्हणाला की रात्रभर काहीतरी घुमत होते, तर भास म्हणून त्याला गप्प करू नये. मुलाने एक रात्र वडिलांच्या पलंगावर झोपून पाहावे. तिथे उशीवर कान टेकला, की कोणत्या काचा घ्याव्यात याआधी कोणता आवाज अडवावयाचा आहे हे त्याला कळेल. आणि बाबांना रात्री जे ऐकू येते, ते घरात आणखी एका माणसाने ऐकलेले असेल.